बिल्जचं पाणी चाखल्याशिवाय बोट घेऊ नका

बोट घेतली. तीन वर्षं नुसतं बघणं चाललं होतं, शेवटी घेतली एकदाची. 31 फुटी, फायबरची, 1989 साली युरोपात बांधलेली, एक डोलकाठी, दोन शिडं, आत चार माणसं नीट झोपतील एवढी जागा, छोटा ओटा, छोटं डिझेल इंजिन. निम्मे पैसे माझे, निम्मे मामेभावाचे. पुण्यातल्या तीनचार जणांनी तरी मला विचारलं की अरे जुनी शिडाची बोट घ्यायची तर बघायचं काय, आणि प्रत्येक वेळी फोनवर तासभर बोलून मी निम्मं विसरायचो, म्हणून एकदा सगळं लिहून टाकतोय. जेवढं मी स्वतः हात लावून बघितलंय तेवढंच लिहितो.

पुण्यात राहून बोट कशाला, हे घरातले पण विचारतात. लहानपणी रविवारी बाबा स्कूटरवरून खडकवासल्याला न्यायचे, कणीस खायचं, पाण्यात पाय सोडून बसायचं, आणि कधीकधी लांब एनडीएच्या बाजूला पांढरी शिडं दिसायची. आवाज नाही काही नाही, नुसतं ते पांढरं सरकत जायचं. मला ते तेव्हापासून हवंय. पुढे नोकरीसाठी चार वर्षं मुंबईत होतो तेव्हा गेटवेसमोरच्या पाण्यात सीबर्डवर शिकलो. छोटी लाकडी रेसिंगची बोट असते ती, वारा पाठीवर घेतला की सुकाणू हातात थरथरायला लागतं. तिथेच काका भेटले, म्हणजे नात्यातले नव्हेत, आम्ही त्यांना काका म्हणतो. कोळी, रेवसकडचे, आयुष्य समुद्रावर गेलेलं, आधी मासेमारी आणि मग वीसेक वर्षं लोकांच्या बोटी सांभाळल्या. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांना आवडायचं नाही. पण ही पोस्ट निम्मी त्यांचीच आहे.

आणि एक गोष्ट मला सारखी आठवायची. एकट्यानं, कुठेही न थांबता जगप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन, 1968 ला निघाला आणि 1969 च्या एप्रिलमध्ये परत पोचला, 312 दिवस. ती सुहैली नावाची त्याची बोट मुंबईत बांधलेली, सागवानाची, फक्त 32 फुटी! म्हणजे आमच्यापेक्षा एक फूट मोठी. आणि आपले कमांडर दिलीप दोंदे 2009-10 मध्ये एकटे जगाला फेरी मारून आले ती म्हादेई गोव्यात बांधलेली. त्यामुळे हे आपलं काम नाही असं जे लोक म्हणतात ते मला कधीच पटलं नाही. मला जग फिरायचं नाहीये, मला अलिबागजवळच्या मांडव्याहून निघून मुरुड, दिघी, हर्णै, जयगड, विजयदुर्ग करत मालवणपर्यंत जायचंय, रात्री खाडीत नांगर टाकून बोटीवरच झोपायचंय, बास. कान्होजी आंग्र्यांची गलबतं ज्या किनाऱ्यानं फिरली तो किनारा एकदा पाण्याच्या बाजूनं बघायचाय.

नवीन बोट आमच्या आवाक्यात नव्हतीच. परदेशातून जुनी आणायची तर आयात शुल्क, टॅक्स, जहाजाचं भाडं धरून हिशोब भलतीकडेच जातो, तेव्हा इथेच असलेली कोणाची तरी घ्यायची हे नक्की होतं. आता आपल्याकडे लांब पल्ल्याच्या जुन्या शिडाच्या बोटी विकायला असतात किती, वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, त्यामुळे एखादी आली की माणूस घाई करतो. आम्ही पण केली असती.

पहिली बोट मार्चमध्ये बघितली. 34 फुटी, पाण्यात उभी, आणि काय दिसत होती! निळा हल, म्हणजे बोटीचं बाहेरचं अंग, चकचकीत, आत सगळं पॉलिश केलेलं, गाद्यांना नवीन कव्हर, टेबलावर फुलं. मामेभाऊ आत शिरल्या शिरल्या मला म्हणाला, झालं, हीच. मी पण मनात हो म्हणून टाकलं होतं, खोटं कशाला बोलू. काकांना आम्ही सोबत नेलं होतं, ते आत आले, फुलांकडे बघितलं पण नाही, सरळ जिन्याच्या मागचं झाकण काढलं आणि इंजिनावर हात ठेवला. मला म्हणाले, तुमी पन ठेवा. ठेवला. गरम होतं. आम्ही यायच्या आधी अर्धा तास तरी चालवलेलं असणार. आता मालकानं सहज चालवलं असेल असं कोणीही म्हणेल, पण जुनं डिझेल इंजिन बघायचं ते थंडच बघायचं असतं, कारण थंड असताना ते किती वेळानं उचलतं आणि पहिला धूर कसला येतो त्यातच सगळं कळतं. काळा धूर म्हणजे इंधन नीट जळत नाहीये, निळा म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा जात नसेल तर आत पाणी शिरत असेल किंवा कॉम्प्रेशन गेलं असेल. गरम करून ठेवलं की यातलं बरंच लपतं. तेव्हा मालकाला आधीच फोनवर सांगून ठेवायचं की आम्ही येईपर्यंत चालू करू नका, आणि पोचल्यावर पहिलं काम, हात लावून बघायचं.

मग त्यांनी मधली फळी उचलली. बोटीच्या आत चालायच्या फळ्या असतात त्या उचलल्या की खाली जो तळ दिसतो तो बिल्ज, बोटीत कुठूनही पाणी आलं तरी शेवटी तिथेच जमतं. चारेक बोटं पाणी होतं. मालक म्हणाला मागच्या आठवड्यात बोट धुतली होती ना, ते पाणी. काकांनी वाकून बोट बुडवलं आणि जिभेवर ठेवलं. मी आयुष्यात असं काही बघितलं नव्हतं, त्या पाण्यावर ऑइलचा तवंग होता. थुंकले, पुसलं तोंड, आणि अगदी हळू मला म्हणाले, "खारं हाय."

बास, एवढंच. पण त्या एका शब्दात सगळं आलं बघा. गोडं पाणी असेल तर ते वरून आलेलं असतं, पावसाचं, धुतल्याचं, नाहीतर प्यायच्या पाण्याची टाकी गळतेय. खारं असेल तर समुद्र आत येतोय. थोडं खारं चालतं, प्रॉपेलरचा शाफ्ट जिथून बाहेर जातो तिथलं जुन्या पद्धतीचं पॅकिंग असेल तर शाफ्ट फिरताना मिनिटाला दोनचार थेंब पडायलाच पाहिजेत, त्यानंच ते थंड राहतं. पण चार बोटं नाही. मग काकांनी टॉर्च घेऊन सगळे सीकॉक बघितले, म्हणजे हलला भोकं असतात ना, इंजिनच्या थंड पाण्यासाठी, सिंकसाठी, टॉयलेटसाठी, तिथले बंद करायचे व्हॉल्व्ह. संडासाच्या मागे एक होता तो खालून ओला. खिशातल्या चाकूनं त्यांनी तो किंचित खरवडला, आत पिवळंधमक दिसायला पाहिजे तिथे गुलाबी दिसलं. साधं पितळ खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षं राहिलं की त्यातलं जस्त निघून जातं आणि मागे तांब्याचा भुसभुशीत सांगाडा उरतो, बाहेरून व्हॉल्व्ह दिसतो तसाच, पण एखाद्या दिवशी जोरात फिरवला की हातात येतो आणि पाण्याखाली इंचभराचं भोक मोकळं. तिथे साधं पितळ नको, ब्रॉन्झ पाहिजे. व्हॉल्व्ह बदलता येतात हो, तो प्रश्न नव्हता. प्रश्न हा की ज्यानं गाद्यांना नवीन कव्हर घातली त्यानं हे बघितलं नाही, नाहीतर बघून गप्प बसला. परत येताना वडखळपर्यंत गाडीत कोणी बोललं नाही. मामेभाऊ चिडला होता माझ्यावर आणि मला पण आतून फार वाईट वाटत होतं, दोन रात्री झोप नव्हती.

तेव्हा काका म्हणाले होते, होरी (म्हणजे बोट) बघायची तर पावसात बघा. मला आधी कळलं नाही. आपल्याकडे मे संपता संपता या बोटी पाण्यातून काढून काठावर लाकडी टेकूंवर उभ्या करतात, 1 जून ते 31 जुलै मासेमारी पण बंदच असते, सगळा किनारा गप्प. जो तो म्हणतो की बोट घ्यायची तर ऑक्टोबरनंतर, ऊन पडल्यावर, चालवून बघता येते तेव्हा. पण पावसात ती वरून चार महिने भिजत असते आणि खालून कोरडी उघडी उभी असते. म्हणजे वरची गळती आपोआप दिसते आणि खालचं पोट हात लावून बघता येतं, पुन्हा क्रेनचे वेगळे पैसे पण नाहीत. हे मला आजपर्यंत दुसऱ्या कोणीही सांगितलेलं नाही, म्हणून जरा जोर देऊन लिहितोय.

तर आमची बोट आम्ही जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात बघितली, धो धो पाऊस, खोपोलीपासून वायपर फुल स्पीडला. ताडपत्रीखाली उभी होती, हल पिवळट पडलेला, तळाला वाळलेले शिंपले, नाव निम्मं पुसलेलं. मामेभाऊ गाडीतून उतरायलाच तयार नव्हता.

यावेळी एक सर्व्हेअर पण बोलावला होता, बोटी तपासणारा माणूस, त्याची फी द्याच, वाचवू नका. त्याच्याकडे ओल मोजायचं मीटर होतं, काकांकडे स्क्रूड्रायव्हर. ताडपत्री बाजूला करून दोघंही डेकवर, म्हणजे बोटीच्या वरच्या तक्त्यावर, गुडघ्यावर बसून मुठीनं ठोकत पुढे सरकत होते, आणि मी छत्री धरून मागे. टक टक टक टक असा कडक आवाज येतो तोपर्यंत बरं, अशा बऱ्याच बोटींच्या डेकमध्ये फायबरच्या दोन पापुद्र्यांमध्ये बाल्सा नावाचं हलकं लाकूड असतं, एखाद्या स्क्रूच्या भोकातून पाणी आत गेलं की ते लाकूड कुजतं आणि तिथे ठोकलं की ढब असा मेलेला आवाज येतो. पाच मिनिटांत माझ्या पण कानाला फरक कळायला लागला. आमच्याकडे नाळेजवळ, म्हणजे पुढच्या टोकाला, नांगर ओढायच्या विंचपाशी ताटाएवढा भाग ढब वाजला. सर्व्हेअरनं खडूनं गोल केला, पावसानं लगेच पुसला.

खाली हलवर नऊ-दहा फोड होते, रुपयाच्या नाण्याएवढे. सर्व्हेअरनं एक फोडला, आतून तेलकट पाणी आलं, बोटाला लावून वास घ्यायला सांगितला, चक्क व्हिनेगरसारखा. याला ऑस्मॉसिस म्हणतात, फायबरच्या आत वर्षानुवर्षं पाणी मुरतं त्यानं होतं. नेटवर याबद्दल इतकं भयानक वाचलं होतं की मी तिथेच सौदा सोडून दिला असता, पण दोघांनीही मान हलवली, दहा फोडांनी काही होत नाही, घासायचे, वाळवायचे, इपॉक्सी भरायचं. फक्त वाळवणं हे कोकणात जुलैमध्ये होत नाही, हवाच ओली, त्यामुळे ते काम कोरड्या दिवसांवर ढकललं. मग कील, म्हणजे बोटीला तोल देणारं तळाखालचं जड पातं, त्याचा जोड बघितला. पुढच्या टोकाला चीर असेल तर बोट कधीतरी खडकावर जोरात आपटलेली असते, मग आतल्या बाजूला कीलच्या मागे फायबर तडकलंय का ते बघायचं. आमचा जोड साफ होता.

खरं दुखणं आत निघालं. डोलकाठीला बाजूनं ताणून धरणाऱ्या स्टीलच्या तारा ज्या पट्ट्यांना अडकवतात त्या चेनप्लेट, त्या डेकमधून आत येऊन प्लायवूडच्या भिंतीला बोल्टनं आवळलेल्या असतात. डाव्या बाजूला त्या भिंतीवर वरून खाली एक काळा ओघळ होता, आणि पाऊस चालूच असल्यामुळे तो आत्ता, आमच्यासमोर ओला होत होता. मार्चमध्ये तो नुसता जुना डाग दिसला असता, लिंबाचं पॉलिश मारलं की गायब. काकांनी स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि नुसता दाबला, हातोडी नाही काही नाही, तो उकडलेल्या बटाट्यात जावा तसा बोटभर आत गेला. वीतभर रुंदीचं लाकूड कुजलेलं. वाऱ्यात पूर्ण शिडाची ओढ त्या बोल्टांवर येते, ते निघाले तर डोलकाठी आडवी.

मालक समोरच उभा होता. साठीचा माणूस, गुडघ्यामुळे आता चढता येत नाही म्हणून विकत होता. त्यानं ते बघितलं आणि म्हणाला, हे मला माहीत नव्हतं, पण गेल्या पावसाळ्यात तिथे ओल आली होती ते मी वहीत लिहिलंय. आणि खरंच वही आणली, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली, त्यात तारखा घालून सगळं होतं, ऑइल कधी बदललं, इंपेलर (इंजिनच्या पाण्याच्या पंपातला रबरी पंखा) कधी, गंज स्वतःवर घेणारे जस्ताचे तुकडे कधी बदलले, किती तास इंजिन चाललं, एके ठिकाणी "गाळात रुतली, भरतीला निघाली" हे पण. ती वही वाचताना मी बोट घ्यायची ठरवली. मामेभावाला म्हटलं, निळ्या बोटीत फुलं होती, इथे वही आहे.

तारा आणि शिडांचं पटकन सांगतो. तारेवरून कापसाचा बोळा फिरवायचा, एखादा तंतू तुटलेला असेल तर कापूस अडकतो, हात फिरवू नका, फाटतो. दहा ते पंधरा वर्षांत त्या तारा बदलायच्याच असतात, दिसायला कितीही चांगल्या असल्या तरी, आणि आमच्या वहीप्रमाणे त्या सोळा वर्षांच्या होत्या म्हणजे तो खर्च धरलाच. शिडाची शिवण नखानं ओढून बघा, आपल्या उन्हात कापडाआधी दोरा मरतो. आमचं मोठं शीड बरं होतं, पुढच्या शिडाची उन्हाकडची पट्टी नुसत्या नखानं उसवली.

कागद: नोंदणीवर विकणाऱ्याचंच नाव आहे का, परदेशातून आणलेली असेल तर ड्युटी भरल्याची बिल ऑफ एन्ट्री, बँकेचा बोजा नाही याचं पत्र. यातलं एक जरी "नंतर देतो" असेल तर थांबा. पैशाचं म्हणाल तर भिंत, तारा, नाळेचा डेक या तिघांची कोटेशनं घेऊन ती मालकासमोर ठेवली आणि तेवढे कमी करा म्हटलं, त्यानं दोन दिवस घेतले आणि बरेचसे केले. तरीही पहिल्या वर्षात बोटीच्या किमतीच्या एक तृतीयांश पैसे वर गेले. त्यानंतर दरवर्षी किमतीच्या दहा टक्के धरा असं बोटवाले सांगतात, जुन्या बोटीला मी तरी जास्तच धरीन.

पण पुणेकरांसाठी खरा मुद्दा वेगळाच आहे. माझं घर सिंहगड रोडला, बोट मांडव्याजवळ, दीडशे किलोमीटर आणि मध्ये घाट. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ अलिबागच्या खालच्या अंगाला धडकलं, पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं. अशा वेळी मी पुण्यात हवामानाचा नकाशा बघत बसणार, दोर दुप्पट कोण बांधणार? उधाणाच्या रात्री, मुंबईकडे साडेचार मीटरच्या वर भरती येते तेव्हा, मूरिंगचा, म्हणजे बोट पाण्यात बांधून ठेवायचा, साखळदंड कोण बघणार? बिल्जचा पंप चालू आहे का हे रोज कोण बघणार? म्हणून बोटीचा टोकन द्यायच्या आधी आम्ही काकांच्या घरी जाऊन बसलो. काकूंनी चहा केला, तांदळाची भाकरी आणि सुकट केली. त्यांना म्हटलं काका तुम्ही सांभाळणार असाल तर घेतो, नाहीतर नाही घेत, खरंच नाही. त्यांनी लगेच हो म्हटलं नाही. म्हणाले, महिन्याचा पगार ठरवा, पावसाचे चार महिने पन द्यायचा, आणि मी सांगीन तवा होरी काठावर घ्यायची, तारखेवरून भांडायचं नाय. कबूल केलं. त्यांच्या भाच्याला पण हाताखाली घेतला. माझ्या ओळखीत दोघांनी उलटं केलं, आधी बोट घेतली आणि मग माणूस शोधत बसले, त्यातल्या एकाची बोट आज दोन वर्षं काठावर तशीच उभी आहे, बघवत नाही.

ऑगस्ट-सप्टेंबर दर शनिवारी खाली गेलो. कुजलेलं प्लायवूड कापून मरीन प्लाय बसवलं, इपॉक्सीचा वास कपड्यांतून आठवडाभर जात नव्हता, चेनप्लेट काढून बघितल्या, एकीला डेकमध्ये लपलेल्या भागात केसाएवढी चीर निघाली म्हणून दोन्ही बाजूच्या नव्या केल्या. सीकॉक सगळे ब्रॉन्झचे. दसऱ्यानंतर क्रेननं पाण्यात उतरवली. काकूंनी नाळेवर हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, माझ्या आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. त्या दिवशी दुपारी खारा वारा चांगला भरला होता, पहिल्यांदा मोठं शीड वर गेलं आणि इंजिन बंद केलं आणि एकदम ती शांतता आली, खडकवासल्याची, तीच. बोट कलली, डाव्या तारा ताणल्या, मी आत जाऊन नव्या भिंतीला हात लावून बसलो दहा मिनिटं. कुरकुर नाही. खांदेरीच्या दीपगृहापर्यंत गेलो आणि परत आलो.

रात्री बोटीवरच झोपलो, म्हणजे झोप कसली, पाण्याचा चुबुकचुबुक आवाज ऐकत पडलो. पहाटे मतलई, म्हणजे जमिनीकडचा वारा, सुटली तेव्हा गार लागलं म्हणून उठलो तर काका आधीच उठलेले, बॅटरी घेऊन उकिडवे बसले होते. फळी उचललेली. खाली जेमतेम चमचाभर पाणी चकाकत होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि बाजूला सरकले. मी वाकून बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

गोडं होतं. पावसाचं उरलेलं.